गंधाराचा झोक

विनिता केळुसकरच्या घरात भिंतीवर एक पट्टा होता. कमरेच्या थोडा वर, तळहाताएवढा रुंद, तेलकट करड्या रंगाचा. झोपायच्या खोलीच्या दारापासून तो सुरू होई, माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत जाई, दरवाजापाशी तुटे आणि पलीकडच्या चौकटीवर पुन्हा उगवे. ओटीवर तो सगळ्यात गडद होता. तिथे भिंत संपून पायऱ्या लागत, म्हणून हात तिथे जास्त वेळ थांबे. चार वर्षांपूर्वी हा पट्टा नव्हता.

चार वर्षांपूर्वी विनिता कुडाळजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी डबलबारी गायची. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांनी समोरासमोर बसून केलेला सामना. गाण्याने, प्रश्नांनी आणि टोमण्यांनी. मंडळाचा मुख्य गायक तो बुवा. बाई असली तरी बुवाच. बहुतेक बुवा स्वतःच पेटी वाजवतात, पण विनिताला हात मोकळे लागत. तिच्या पेटीवर वीस वर्षं उल्हास मेस्त्री बसत आले होते. दिवसा सुतारकाम आणि पेट्यांची दुरुस्ती, बाकी वेळ विनिता बुवांची साथ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती.

एकदा बारी संपल्यावर पेटीचं झाकण लावता लावता त्यांनी विचारलं होतं, "बुवा, आपण लगीन केला तर?"

पन्नाशी ओलांडलेल्या विनिताने टाळ पिशवीत ठेवले. "इचार करून सांगतंय," ती म्हणाली.

त्याच महिन्यात तिला मूत्रपिंडाचा मोठा संसर्ग झाला. ज्या औषधाने तिचा जीव वाचला, त्यानेच तिचा तोल नेला.

कानाच्या आत, कवटीच्या सगळ्यात कठीण हाडात, वाटाण्याएवढ्या जागेत दोन कामं चालतात. शंखासारख्या वळलेल्या नळीत आवाज ओळखला जातो. तिला जोडून असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत डोकं कुठे वळलं ते कळतं. दोन्हींत एकच द्रव, दोन्हींत सारख्याच सूक्ष्म केसांच्या पेशी. संगीत आणि तोल असे एका छपराखाली राहतात. काही औषधं यातल्या फक्त तोलाच्या पेशी मारतात. विनिताचं ऐकणं शाबूत राहिलं, पण मान जरा हलली की समोरचं जग उड्या मारू लागे. अंधारात तर वर आणि खाली यांतला फरकही पायांना कळत नसे. तिने शाळा सोडली, गाणं सोडलं आणि भिंत धरली.

उल्हास रोज संध्याकाळी यायचे. कधी बांगडे, कधी गावातल्या गजाली. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. विनितानेही उत्तर दिलं नाही. होय म्हणावं तर आधार मागितल्यासारखं झालं असतं. नाही म्हणावं, तर ते तिच्या मनात नव्हतं. आपल्या पायांवर उभं राहून सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. पाय मात्र तयार नव्हते.

*

"चालू करते हं, बाई," डॉ. ऋता बांदेकर म्हणाली. ती विनिताचीच विद्यार्थिनी. आता तोलाच्या विकारांवर काम करत होती आणि तिच्या केंद्रात 'तोलक' बसवायला सुरुवात झाली होती.

तोलक म्हणजे कानामागे कातडीखाली बसवलेली रुपयाएवढी चकती. तिच्यात तीन सूक्ष्म संवेदक. डोकं वर-खाली वळलं, बाजूला वळलं, खांद्याकडे कललं, ते प्रत्येकी ओळखणार आणि केसाहून बारीक तारांतून थेट तोलाच्या मज्जातंतूला कळवणार. मेलेल्या पेशींचं काम यंत्राने करायचं. शस्त्रक्रिया होऊन जखम भरली होती. आज फक्त कळ दाबायची होती.

"समोरच्या पाटीकडे बघा आणि मान हलवा."

विनिताने मान हलवली. पाटी जागच्या जागी राहिली. तिने पुन्हा हलवली, जोरात. अक्षरं भिंतीला चिकटून बसली होती.

"काय लिहिलंय?"

"चपला बाहेर काढायला सांगितलंय," विनिता म्हणाली, "आणि माझ्या पायात आहेत."

मग दोघी इतक्या हसल्या की बाहेर बसलेले उल्हास दार ढकलून आत आले. विनिता खोलीच्या मधोमध उभी होती. आजूबाजूला धरायला काही नव्हतं. त्यांचा हात सवयीने पुढे आला.

"धरू?"

"नको."

"बरां," उल्हास म्हणाले, आणि त्यांनी हात स्वतःच्या खिशात घातला. "हो हात भायर ऱ्हवलो तर परत फुडे येतलो."

ती रिक्षापर्यंत एकटी चालत गेली. उल्हास मागून, खिशात हात घालून. रिक्षावाला बॅटरी बदलून घेत होता. त्याने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, थंडी वाजता?"

*

पेटी त्यांनी त्याच आठवड्यात आणली. ओटीवर एका कोपऱ्यात सोललेले नारळ पडले होते, ते बाजूला सारून बैठक मांडली. विनिताची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या सुरावर. तिने षड्ज लावला. घोगरा, पण जागेवर. पंचम लावला. तोही बसला. चार वर्षांनी गळा उघडत होता, आणि उल्हास भाता मारता मारता उगाचच छपराकडे बघत होते.

मग तिने गंधार लावला, आणि ओटी डावीकडे कलंडली. लगेच उजवीकडे. पुन्हा डावीकडे. विनिता नारळांवर जाऊन पडली.

"काय झालां?" उल्हास पेटी ओलांडूनच आले.

"तुमच्या पेटीन माका ढकलल्यान."

"माझ्या पेटीन? वीस वर्सां गरीब गायसारखी बसान आसा ती!"

विनिता उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर आलेला भाव उल्हासना ओळखीचा होता. प्रयोगशाळेत एखादी परीक्षानळी भलताच रंग दाखवायला लागली की तो येत असे.

"तुमी गप ऱ्हवा. मी एकटीच लावतंय." तिने पेटीशिवाय गंधार लावला. जमीन स्थिर. "आता तुमी एकटे." पेटीने गंधार धरला. जमीन स्थिर. "आता दोघां." झोक.

"म्हणजे भांडण दोघांचां आसा," ती म्हणाली.

"आमचां?"

"तुमच्या गंधाराचां आनी माझ्या गंधाराचां." तिने आवाज केसभर वर नेला. झोके मंदावले. अजून केसभर. थांबले. "बघा. मी तुमच्याकडे सरकलंय की थांबता."

"मगे सरका की."

"कित्याक? माझो गंधार खरो आसा."

"आनी माझो?"

"तुमचो सोयीचो."

दोन सूर अगदी जवळ असले, पण एक नसले, तर त्यांच्या लहरी काही क्षण एकमेकींना साथ देतात आणि काही क्षण एकमेकींना पुसतात. आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो. याला विस्पंद म्हणतात. दोन सुरांच्या कंपनसंख्येत जेवढा फरक, तेवढे सेकंदाला विस्पंद.

आणि पेटीच्या सुरांत हा फरक असतोच. शुद्ध गंधार षड्जाच्या बरोबर सव्वापट. अशी नेमकी गुणोत्तरं धरून पेटी लावली, तर ती एकाच पट्टीत गोड लागते आणि बाकीच्या पट्ट्यांत बिघडते. म्हणून पेटी बनवणारे सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. त्यात षड्ज सोडला तर कुठलाच सूर पूर्ण खरा राहत नाही, पण कुठलाच फार खोटाही होत नाही, आणि कोणत्याही पट्टीतल्या माणसाला गाता येतं. काळी चारमध्ये पेटीचा गंधार असा दोन कंपनांनी चढा असतो, धैवत तीन.

माणूस चालताना त्याचं डोकंही साधारण याच वेगाने हलतं, सेकंदाला दोन-तीनदा. तोलकातल्या संवेदकांना हाडांतून आणि हवेतून आवाजाची थरथर पोचत होती. यंत्र ती जलद थरथर गाळून टाकत होतं आणि फक्त संथ चढउतार ठेवत होतं. विस्पंद हा त्याला डोक्याचा झोकाच वाटला. त्याने तसं मेंदूला कळवलं.

हे सगळं विनिताने त्याच संध्याकाळी शाळेच्या खडूने ओटीच्या फरशीवर काढून उल्हासना समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे मी जरा बेसूर झालंय की तुमी पडतल्यात."

"होय."

"ह्या बुवांका आयतांच निमित्त गावलां," उल्हास म्हणाले.

*

ऋताला हा प्रकार कळला तेव्हा ती आधी घाबरली आणि मग तिला आनंद लपवता येईना. "बाई, आमच्या चाचण्यांत कोणी गायलंच नाही हो! शिट्ट्या वाजवल्या, भोंगे वाजवले. सगळे एकेकटे आवाज." तिने दोन आठवड्यांत उपाय आणला. नवीन प्रोग्रॅम. आजूबाजूला मोठा आवाज झाला की तोलक त्या संथ लयींकडे दुर्लक्ष करील.

"आणि त्या वेळी माझी मान खरंच हलली तर?"

"तर त्याला थोडं कमी कळेल. बसून गाल तर काहीच जाणवणार नाही. उभ्याने, गर्दीत, वाजंत्री चालू असताना मात्र कोणाला तरी सोबत घ्या."

"नाही आवडलं तर जुना परत घालता येईल?"

"तसं नको करायला. मज्जातंतू एकदा नव्या संकेतांना सरावले की परत फिरवताना महिनेच्या महिने गरगरेल. विचार करून सांगा, बाई. पण झोक पूर्ण जाईल, एवढं नक्की."

झोक पूर्ण जाईल. विनिताला तेवढंच ऐकू आलं. तिने पुढच्या महिन्यातला एक सोमवार ठरवून टाकला. अगदी स्थिर झाल्यावर, कशानेही हलणार नाही अशी झाल्यावर, ती उल्हासना सांगणार होती.

निघताना ऋताने तिला एका चौकोनी फळीवर उभं केलं. पायांखालचा भार मोजणारं ते साधन. "हलू नका," ऋता म्हणाली. विनिता श्वास रोखून उभी राहिली. पडद्यावर एक रेघ उमटू लागली. तिचा थोड्याच वेळात गुंता झाला, कोंबडीने उकरलेल्या दोऱ्यासारखा.

"एवढी हलतेय मी?" विनिताचा चेहरा पडला.

ऋताने चप्पल काढली आणि स्वतः फळीवर उभी राहिली. तसाच गुंता. "सगळ्यांचाच असा येतो. उभा माणूस सतत पडत असतो, बाई, आणि सतत सावरत असतो. घोट्यांतून, न कळत. तुमचा गुंता माझ्याएवढाच आहे, म्हणून मी खूश आहे. रेघ सरळ आली असती तर मशीन बिघडलंय म्हटलं असतं."

विनिताने हे ऐकलं आणि वर्गात ऐकलेलं पुष्कळसं मुलं जसं विसरतात, तसं ती रस्त्यावर आल्यावर विसरली.

*

मधले दिवस मजेत गेले. झेरॉक्सच्या दुकानासमोर लग्नाचा बँड आला तेव्हा दोन सनयांनी तिला असं घुसळलं, की तिने एका अनोळखी माणसाची छत्री धरली आणि तो घाबरून छत्रीच सोडून निघून गेला. भजनी पोरांना ही गंमत कळली. आपापल्या पेट्या घेऊन ती ओटीवर यायला लागली. विनिता मध्ये खुर्चीवर बसे, सूर लावी, आणि खांदा कलला की सांगे, "तुझो धैवत बघ. मेस्त्रींकडे ने." उल्हासच्या दुकानात दुरुस्तीची रांग लागली.

अशात हरेश बुवा तांडेलांचा फोन आला. हरेश बुवा म्हणजे विनिताचे जुने प्रतिस्पर्धी. गळा काळी पाचात, जीभ त्याहून वरच्या पट्टीत.

"केळुसकर बुवा, चालूक लागलास असां ऐकलंय. आमच्या जत्रेक येवा. दुपारची बारी. आता रात्री भोंगे बंद, माहिती आसा मा?"

"येतंय. तुमचो गळो आसा मा जाग्यार?"

"माझो गळो जाग्यारच आसा. तुमी सोताक जाग्यार ठेवा. आनी शेवटचो गजर मिळान. यंदा माझी पट्टी. सोडूचंय नाय हां!"

"होय होय," विनिता म्हणाली. तिचं अर्धं लक्ष दिनदर्शिकेकडे होतं. जत्रा रविवारी होती, केंद्रात जायचं होतं ते दुसऱ्याच दिवशी. नव्या प्रोग्रॅमआधी एकदा असंच गाऊन घ्यावं.

बारी ठरल्याचं कळताच उल्हास पेटी घेऊन गेले ते बरेच दिवस दिसले नाहीत. त्यांच्या दुकानाचं दार बंद असे आणि आतून किसल्यासारखा बारीक आवाज येई. पेटीतली प्रत्येक पितळी पट्टी टोकाशी घासली की तिचा सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. थोडं जास्त घासलं तर पट्टी फुकट. वीस वर्षांची ती पेटी उल्हासनी एकेक पट्टी करून उतरवली आणि चढवली. मग ती ओटीवर आणून ठेवली आणि गंधार धरला.

विनिताने त्यात आवाज मिसळला.

काहीच हललं नाही. तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती चार वर्षांत उभी राहिली नव्हती. ती उठून उभी राहिली आणि धैवतावर गेली, तिथून निषादावर, तिथून वरच्या षड्जावर. पायांखाली फरशी होती, फरशीखाली जमीन, आणि सगळं एकमेकांत खिळ्याशिवाय बसवलेल्या लाकडासारखं घट्ट होतं.

"आता माझो गंधार खरो झालो?" उल्हासनी विचारलं.

"झालो."

"तुमच्या काळी चारात लावलंय. सगळेच्या सगळे."

 तिला एकदम सगळंच सांगून टाकावंसं वाटलं. मग तिला सोमवार आठवला आणि ती चहा ठेवायला आत गेली.

*

देवळासमोरच्या मंडपात माणसं दाटली होती. बारी रंगली. हरेश बुवांनी पहिल्याच फेरीत शिकलेल्या बायकांवर तोंडसुख घेतलं. विनिताने परतफेडीत त्यांना सजीवांच्या वर्गीकरणात नेमकं कुठे ठेवायचं, असा प्रश्न गाण्यातून विचारला, आणि मंडप हसून लोटपोट झाला. काळी चारमध्ये, उल्हासच्या पेटीवर, ती जणू खडकावर बसून गात होती.

मग हरेश बुवा उभे राहिले. "आता गजर!"

त्या देवळाची रीत होती. शेवटचा गजर दोन्ही मंडळांनी एकत्र, उभ्याने म्हणायचा. एका वर्षी एका बुवाच्या पट्टीत, पुढल्या वर्षी दुसऱ्याच्या. दोन्ही पेट्या वाजत राहिल्या पाहिजेत. ज्याची पेटी थांबली, त्याची बारी गेली.

हरेश बुवांच्या पेटीने काळी पाचचा षड्ज दिला. उल्हासनीही दिला. टाळ सुरू झाले. आणि पहिल्याच ओळीत, पंचमावर, विनिता सटकन बाजूला गेली. पखवाजवाला मागे सरला म्हणून वाचला.

तिने उल्हासकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दोघांना एकाच क्षणी कळलं. पेटी विनिताच्या काळी चारसाठी शुद्ध केलेली. तिथून दुसऱ्या पट्टीत गेलं की काही सूर बरोबर पडतात आणि काही फसतात. आणि काळी पाचात नेमका पंचम तोकडा पडतो. ज्या पंचमावर सगळं गाणं टेकतं तोच लंगडा. विनिताला हरेश बुवांनी फोनवर सांगितलं होतं. उल्हासना तर ही रीत लहानपणापासून माहीत होती. एका माणसासाठी पेटी लावताना त्यांना दुसरं कोणी आठवलंच नव्हतं.

"केळुसकर बुवा!" हरेश बुवा ध्वनिक्षेपकात ओरडले. "डुलूचा तां देवापुढे डुला, आमच्या पखवाजार कित्याक?"

मंडप हसला. पुढची ओळ येत होती आणि तिच्यात दोनदा पंचम होता. उल्हासची बोटं पेटीवरून उठायला लागली. विनिताने ते पाहिलं. तिला पडू द्यायचं नाही म्हणून ते बारी सोडायला निघाले होते.

"सोडू नका!" ती टाळांच्या वरून ओरडली. "माझ्याकडे बघा!"

उल्हासनी बोटं परत टेकवली आणि मान वर करून तिच्या खांद्याकडे पाहिलं. पंचम आला. खांदा कलायला लागला. त्यांनी ते एक बोट उचललं आणि षड्ज तेवढा धरून ठेवला. मोकळ्या जागेत विनिताने पंचम लावला, पूर्ण गळ्याने. तो मंडपभर गेला. पेटी थांबली नव्हती. पुढच्या वेळी बोट आधीच उचललेलं होतं. धैवत बरोबर पडला, तो त्यांनी वाजवला. कोमल निषादाला तिचा खांदा हलला, तो त्यांनी सोडला. वीस वर्षं ते तिच्या आवाजामागून गेले होते. आता पेटी तिच्या खांद्यावरून वाजत होती.

हरेश बुवांची पेटी मात्र बाजारातली साधी पेटी होती. तिचा गंधार नेहमीसारखा थोडा चढा. तो सोडून द्या असं त्यांना सांगता येत नव्हतं. गंधार आला की जमीन हलकेच इकडे, हलकेच तिकडे जाई. पहिल्यांदा विनिता ताठ झाली आणि जवळजवळ पडली. दुसऱ्यांदा तिने घोटे सैल सोडले. झोक आला, पायांनी तो घेतला आणि परत दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. टाळांची लय झोक्याच्या जवळपासच होती, पण अगदी तीच नव्हती. मधला फरक तिला पावलाने भरून काढावा लागत होता. ती नाचत होती. मंडपातल्या बायका उठल्या. कोणीतरी फुगडीला हात पुढे केले. लोकांना वाटलं, विनिता बुवांच्या अंगात आलंय. विनिताला ऋताच्या पडद्यावरचा दोऱ्याचा गुंता दिसत होता, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

एका वळणावर ती खरंच फार कलली. तिने हात टाकला तो उल्हासच्या खांद्यावर पडला. खांदाही हलत होता. भाता मारणाऱ्याचा खांदा हलतोच. तिने हात काढला नाही. त्याच्या हलण्यात आपलं हलणं मिसळून तिने शेवटची ओळ म्हटली. हरेश बुवांनी आपला आवाज चढवायचा तेवढा चढवला, मग हात जोडले, आणि गजर संपला.

*

पंच देवळाच्या पायरीवर बसून निकालावर भांडत होते. मंडपात उसळीच्या ताटल्या फिरत होत्या, वायरी गुंडाळल्या जात होत्या. उल्हास पेटीसमोर मांडी घालून बसले होते. त्यांनी झाकण लावलं नव्हतं.

"माझां चुकलां, बुवा. लोकांसमोर पडलास असत्यात. उद्याच सगळे सूर आदी होते तसे करतंय."

"सगळे नको." विनिता त्यांच्यासमोर खाली बसली. "गंधार थोडो वर घेवा. काळी पाचाचो पंचम सुधारा. माझ्याही कामाचो होवक व्हयो, ह्या तांडेलांच्याही. मी थोडां हलतलंय. हललंय म्हणान मेलंय नाय."

"उद्याच तर तां हलणां बंद होतलां. सकाळी रिक्षा सांगलंय मी, केंद्रात जावक."

"ती नको म्हणान सांगा. मी जावचंय नाय."

"काय?" उल्हास तिच्याकडे बघत राहिले. "झोक जातलो मा पुरो?"

"जातलो. म्हणानच नको."

हरेश बुवा ताटली घेऊन मधे आले. "काय गजाली चलल्यात? पंच आमच्या बाजून आसत हां. पखवाजार पडूचे गुण कापतले."

"कापू देत," विनिता म्हणाली. "बसा तुमी पन. साक्षीक बरे आसात."

"कसल्या साक्षीक?"

विनिताने छातीभर श्वास घेतला. आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा लागला, गजराच्या पट्टीतला. वायरी गुंडाळणारी पोरं थांबली.

"मेस्त्री, चार वर्सांमागे तुमी माका एक इचारलास आनी मी सांगूक नाय. अगदी घट हुबी ऱ्हवलंय की सांगतलंय, असां धरून बसललंय. तशी मी कदीच ऱ्हवचंय नाय. कोनच ऱ्हवना नाय. तर आता सांगतंय, हुबी नाय, बसान सांगतंय." तिने उल्हासच्या हातावर हात ठेवला. तो खिशात नव्हता. "होय. माका तुमच्याशी लगीन करूचा आसा."